संगणकीय निर्णयांची नैतिक चिकित्सा : ‘गीतारहस्या’तील कसोटी आणि तिच्या मर्यादा

सारांश

संगणक-नीतीच्या अध्यापनात उपयुक्ततावाद, कर्तव्यवाद व सद्गुणवाद या तीन सिद्धांतांची ओळख पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे करून दिली जाते. या सिद्धांतांची सविस्तर चिकित्सा लोकमान्य टिळकांनी ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’ (१९१५) या ग्रंथात मराठीत केलेली आहे. प्रस्तुत लेखात त्या चिकित्सेतील ‘कर्त्याची बुद्धी’ ही कसोटी संगणकाद्वारे होणाऱ्या निर्णयांना लावून पाहिली आहे. आधार प्रमाणीकरण आणि कोकणातील हवामान आधारित फळपीक विमा या दोन उदाहरणांवरून असे दिसते की, बेरजेच्या नीतीवरील टिळकांचा आक्षेप आजही समर्थ आहे. मात्र जेथे कर्ता एक नसून अनेक आहेत, तेथे बुद्धीची कसोटी अपुरी पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी धर्मशास्त्रातील व्यवहारपद्धतीचा, विशेषतः ‘उत्तरा’च्या पायरीचा, विचार उपयुक्त ठरतो.

बीजसंज्ञा : संगणक-नीती, गीतारहस्य, उपयुक्ततावाद, साम्यबुद्धी, आधार, फळपीक विमा, व्यवहार.

१. प्रस्तावना

संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान यांच्या पदवी अभ्यासक्रमांत ‘संगणक-नीती’ हा विषय बहुधा एखाद्या घटकापुरता असतो. बेंथॅम व मिल यांचा उपयुक्ततावाद, कांटचा कर्तव्यवाद आणि ॲरिस्टॉटलचा सद्गुणविचार यांचा थोडक्यात परिचय, त्यानंतर व्यावसायिक आचारसंहितेतील कलमे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. या पद्धतीत दोन उणिवा संभवतात. पहिली अशी की, सिद्धांत एकापुढे एक मांडले जातात, पण ते परस्परांशी नेमके कोठे भांडतात आणि त्या भांडणात कोणाचे काय जाते, हे दिसत नाही. दुसरी अशी की, उदाहरणे परदेशातील असल्याने विद्यार्थ्याला हा प्रश्न आपल्या तालुक्यातील वाटत नाही.

या दोन्ही उणिवांच्या संदर्भात ‘गीतारहस्या’चे पुनर्वाचन उद्बोधक ठरते. ग्रंथकर्त्याचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. ग्रंथाचा मसुदा १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिला गेला आणि ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गीतेवरील भाष्य म्हणून त्याची चर्चा भरपूर झाली आहे. परंतु मिल, स्पेन्सर, सिज्विक, कांट व ग्रीन यांच्या नीतिविचारांची मराठीतून केलेली तुलनात्मक परीक्षा, या अंगाने त्याचा उपयोग संगणक-नीतीच्या अध्यापनात फारसा होत नाही. येथे ग्रंथाच्या आध्यात्मिक सिद्धांताची चर्चा अभिप्रेत नाही. त्यातील नीतिमीमांसेची कसोटी आजच्या यंत्रनिर्णयांना कितपत पुरते, एवढाच प्रश्न आहे.

२. संगणक-नीतीची परंपरा

यंत्र आणि नीती यांचा संबंध नॉर्बर्ट वीनर यांनी १९५० मध्येच ‘द ह्यूमन यूज ऑफ ह्यूमन बीइंग्ज’ या पुस्तकात मांडला होता. ‘संगणक-नीती’ ही स्वतंत्र शाखा मात्र १९७० च्या दशकाच्या मध्यावर वॉल्टर मेनर यांच्यापासून मानली जाते. जेम्स मूर यांनी १९८५ मधील निबंधात असे प्रतिपादन केले की, संगणकामुळे नव्या कृती शक्य होतात आणि त्यांच्यासाठी नियमच उपलब्ध नसल्याने धोरणाची पोकळी निर्माण होते. ती भरणे हे या शाखेचे कार्य होय. त्याच वर्षी डेबोरा जॉन्सन यांचे ‘कॉम्प्युटर एथिक्स’ हे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले आणि सिद्धांतांची आज परिचित असलेली मांडणी रूढ होत गेली.

या परंपरेत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा म्हणजे हेलन निसेनबॉम यांचा १९९६ मधील उत्तरदायित्वावरील निबंध. संगणकीय समाजात उत्तरदायित्व क्षीण होण्याची जी कारणे त्यांनी सांगितली, त्यांत ‘अनेक हातांचा प्रश्न’ आणि ‘संगणकावर दोष ढकलण्याची सवय’ ही प्रमुख आहेत. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या बाबतीत १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना घातक मात्रा दिली गेली. त्या दुर्घटनांत आज्ञावलीतील दोष, सुरक्षायोजनेतील त्रुटी आणि तक्रारींकडे झालेले दुर्लक्ष ही सर्व कारणे एकत्र आली होती. अशा ठिकाणी ‘दोषी कोण?’ या प्रश्नाला एका नावाचे उत्तर मिळत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा विचारात घ्यावयाचा आहे.

३. ‘गीतारहस्या’तील सुखवादाची चिकित्सा

‘गीतारहस्या’च्या तिसऱ्या प्रकरणात कर्माकर्माचा निर्णय करण्याचे आधिभौतिक, आधिदैविक व आध्यात्मिक असे तीन मार्ग सांगितले आहेत आणि चौथ्या प्रकरणात ‘आधिभौतिक सुखवादा’ची परीक्षा केली आहे. पुष्कळांचे पुष्कळ सुख साधणारे कर्म ते नीतीचे, हे तत्त्व टिळक सरसकट त्याज्य ठरवीत नाहीत. बाह्य परिणामांचा विचार व्यवहारात अवश्य आहे, हे त्यांना मान्य आहे. त्यांचा आक्षेप असा की, ही कसोटी अंतिम मानली तर तिच्यातून चुकीचे निष्कर्ष निघतात.

त्यासाठी दिलेली दोन उदाहरणे लक्षणीय आहेत. भारतीय युद्धात पांडवांकडे ७ व कौरवांकडे ११ अक्षौहिणी सैन्य होते. डोकी मोजूनच न्याय ठरवावयाचा तर ज्यांच्या सुखाची बेरीज मोठी तो पक्ष न्याय्य ठरेल आणि हा निष्कर्ष कोणीही मान्य करणार नाही. दुसरे उदाहरण टिळकांनी पॉल केरस यांच्या नीतिविषयक ग्रंथावरून घेतले आहे. अमेरिकेतील एका मोठ्या शहरात ट्रामगाड्यांची सर्वांना गरज होती, पण सरकारी मंजुरीस विलंब लागत होता. व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन मंजुरी मिळविली. लोकांची सोय झाली आणि पुढे प्रकरण उघडकीस आल्यावर त्याच व्यवस्थापकावर खटला होऊन तो दोषी ठरला. परिणाम चांगला असूनही कृत्य निंद्य ठरते, याचे कारण परिणामात नसून कर्त्याच्या बुद्धीत आहे, असा टिळकांचा निष्कर्ष आहे. या बाबतीत कांटचा शुद्ध संकल्पाचा विचार आणि ग्रीन यांची भूमिका त्यांना जवळची वाटते.

ट्रामगाडीचा हा दृष्टांत आजच्या संगणकीय व्यवहारांना फार थोड्या फेरफाराने लागू पडतो. मोबाइलवरून तत्काळ कर्ज देणाऱ्या ॲपमुळे गरजूची अडचण भागते, परतफेड झाली तर देणाराही समाधानी असतो. परंतु ते ॲप मोबाइलमधील संपर्कयादी व छायाचित्रे मिळवीत असेल आणि वसुलीच्या वेळी त्यांचा वापर धाकासाठी होत असेल, तर सोयीची बेरीज त्या कृत्याला शुद्ध करीत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाविषयी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत संपर्कयादी, फाइली व कॉलनोंदी यांना हात लावण्यास ॲपना मनाई केली. ही मनाई करताना किती ग्राहक खूश आहेत हे मोजावे लागले नाही. जेथे फसवणूक हेतूतच आहे, तेथे टिळकांची कसोटी निःसंदिग्ध उत्तर देते.

४. टक्केवारीचा युक्तिवाद : आधार निकाल

हेतू शुद्ध आहे असे गृहीत धरल्यास पुढचा प्रश्न उभा राहतो. आधार योजनेचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी झाला. शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, रोजगार हमीची मजुरी अशा लाभांशी ही ओळख पुढे जोडली गेली. काबाडकष्टांनी किंवा वयोमानाने बोटांच्या रेषा झिजलेल्या व्यक्तीचे प्रमाणीकरण यंत्राकडून नाकारले जाऊ शकते, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला गेला.

२६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने योजना मुख्यतः वैध ठरविली. प्रमाणीकरण ९९.७६ टक्के यशस्वी होते, हा प्राधिकरणाचा दावा बहुमताच्या निकालपत्रात विचारात घेतला आहे. काही थोड्यांच्या बाबतीतील अपयशासाठी कोट्यवधींना लाभ देणारी योजनाच रद्द करणे योग्य नव्हे, त्रुटी दूर कराव्यात आणि प्रमाणीकरण फसले म्हणून कोणाचा लाभ नाकारला जाऊ नये, असा बहुमताचा रोख होता. विरोधी मत नोंदविणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी मात्र व्यक्तीची प्रतिष्ठा व हक्क हे गणनविधीच्या संभाव्यतेवर अवलंबून ठेवता येणार नाहीत, अशी भूमिका घेतली.

उपयुक्ततावाद आणि कर्तव्यवाद यांच्यातील वाद वर्गात शिकविण्यासाठी या दोन निकालपत्रांइतके स्पष्ट उदाहरण दुसरे शोधावे लागणार नाही. एका बाजूस बेरीज आहे. दुसऱ्या बाजूस प्रत्येक व्यक्ती स्वतःच साध्य आहे हे कांटचे तत्त्व आहे. शेकड्यात पावभराहून कमी वाटणारे अपयश देशाच्या लोकसंख्येला लावले की त्याची मोजदाद लाखांत होते, आणि ज्याचे धान्य अडले त्याच्या घरी ते अपयश पूर्ण असते. डोकी मोजण्यावर टिळकांनी घेतलेला आक्षेप येथे जसाच्या तसा उभा राहतो. परंतु एक भेदही ध्यानात घ्यावा लागतो. येथे लाच नाही, कपट नाही; गळती थांबवावी व खऱ्या लाभार्थ्याला लाभ मिळावा हाच उद्देश सांगितलेला आहे. कर्त्याची बुद्धी शुद्ध असूनही एखाद्यावर अन्याय घडत असेल, तर बुद्धीची कसोटी काय सांगते?

५. हवामान केंद्र आणि हापूसची बाग

हाच प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यात अधिक ठळकपणे दिसतो. आंबा व काजू यांसाठी लागू असलेल्या पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेत (२०१६ पासून) नुकसानभरपाई बागेची पाहणी करून ठरत नाही. अवेळी पाऊस, कमी वा जास्त तापमान, वेगाचा वारा अशा धोक्यांसाठी विशिष्ट कालावधी व विशिष्ट मर्यादा आधीच ठरविलेल्या असतात. महसूल मंडळातील संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदीत ती मर्यादा ओलांडली गेली तर त्या मंडळातील विमाधारकांना भरपाई लागू होते. ओलांडली गेली नाही तर होत नाही. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाखाली २०१७ पासून मंडळनिहाय २,००० हून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. नोंद, तुलना आणि रकमेची आकारणी ही सर्व संगणकीय प्रक्रिया आहे.

या योजनेमागील विचार अविवेकी नाही. प्रत्येक बागेचा पंचनामा करावयाचा तर वेळ लागतो, खर्च वाढतो आणि पाहणी करणाऱ्याच्या मर्जीला वाव राहतो. यंत्राची नोंद कोणाचा नातलग पाहत नाही. म्हणजे ट्रामगाडीच्या गोष्टीतील लाचखोर अधिकाऱ्यालाच येथे वाटेतून दूर केले आहे.

तथापि कोकणची भूमी समतल नाही. एकाच महसूल मंडळात समुद्राकडचा उघडा सडा, खाडीकाठचा उतार आणि आतील डोंगरकुशीतील गावे असू शकतात. एका वाडीत सर कोसळते आणि पलीकडच्या वाडीत ऊन असते, हा येथील नित्याचा अनुभव आहे. मोहोरावर पाऊस पडला तर करपा व तुडतुड्यांचा उपद्रव वाढतो. उन्हाचा कडाका वाढला तर फळगळ होते. पण ते ज्या बागेत घडले तेथे केंद्र नसते आणि जेथे केंद्र असते तेथे ते घडलेले नसते. उलटही संभवते, केंद्रावर मर्यादा ओलांडली जाते आणि नुकसान न झालेल्या बागेलाही भरपाई मिळते. विमाशास्त्रात या तफावतीस ‘आधारभूत जोखीम’ म्हणता येईल असा प्रकार परिचित आहे आणि सरासरीच्या हिशेबात तो सह्य मानला जातो. मात्र सरासरी ही विमा कंपनीच्या व शासनाच्या हिशेबात असते. कलमांच्या एका बागेवर ज्याचे वर्ष अवलंबून आहे, त्याच्यापाशी सरासरी काढण्यासाठी दुसरी बाग नसते.

येथे चूक कोणाची, हे शोधू गेल्यास प्रत्येक जण निर्दोष दिसतो. मर्यादा ठरविणाऱ्या तज्ज्ञांनी उपलब्ध माहितीवरून त्या ठरविल्या. केंद्र बसविणाऱ्याने मंडळात केंद्र बसविले. आज्ञावली लिहिणाऱ्याने दिलेले सूत्र अचूक उतरविले. कृषी कार्यालयाने अर्ज वेळेत पुढे पाठविले. कंपनीने करारानुसार आकारणी केली. या साखळीतील एकाचीही बुद्धी मलिन असल्याचे मानण्याचे कारण नाही. तरीही नुकसान झालेला बागायतदार भरपाईविना राहतो आणि त्याला मिळणारे उत्तर ‘संगणकात बसत नाही’ एवढेच असू शकते.

६. अनेक कर्ते आणि बुद्धीची कसोटी

‘गीतारहस्या’तील कसोटीची मर्यादा या ठिकाणी उघड होते. टिळकांच्या विवेचनात कर्ता हा एक, जाणता आणि आपल्या कर्मासमोर उभा असलेला पुरुष आहे. अर्जुनाच्या प्रश्नापासूनच ग्रंथाचा आरंभ असल्याने ते स्वाभाविक आहे. संगणकीय निर्णयात मात्र कर्म एका ठिकाणी होते आणि बुद्धी अनेक ठिकाणी विखुरलेली असते. ज्या यंत्रातून निर्णय बाहेर पडतो त्याला बुद्धीच नसल्याने साम्यबुद्धीचा प्रश्न तेथे संभवत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो तो नीट पाहत नाही, असे पुढे म्हटले आहे. हे विश्लेषण अनेक हातांच्या प्रश्नाशी जुळणारे आहे, कारण साधनालाही कारणांमध्ये स्थान दिल्याने ‘यंत्र तटस्थ असते’ हा समज टिकत नाही. परंतु त्याच ओघात, ज्याच्या ठायी अहंकाराचा भाव नाही त्याला कर्माचा लेप लागत नाही, असाही विचार येतो. स्थितप्रज्ञाच्या संदर्भात त्याचा अर्थ उदात्त आहे. कार्यालयीन व्यवहारात मात्र त्याचे विडंबन सहज घडते. ‘मी काही केले नाही, प्रणालीने केले’ या वाक्यातही अहंकार नसतो. पण तो निष्काम कर्मयोग नसून जबाबदारीचा त्याग असतो. अहंकाराचा त्याग आणि उत्तरदायित्वाचा त्याग यांतील भेद स्पष्ट न केल्यास संगणकाच्या युगात कर्मयोगाची परिभाषा पळवाट म्हणून वापरली जाण्याचा धोका आहे. ब्रिटनमधील टपाल खात्याच्या ‘होरायझन’ या हिशेबप्रणालीचे प्रकरण या धोक्याची साक्ष देते. १९९९ पासून वापरात आलेल्या त्या प्रणालीतील दोषांमुळे दिसणारी तूट खरी मानून शेकडो उपडाकपालांना गुन्हेगार ठरविले गेले आणि २०२४ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

टिळकांच्या बाजूने एक उत्तर देता येईल. ग्रंथाच्या बाराव्या प्रकरणात ‘आत्मौपम्य’ हे व्यवहारातील सूत्र सांगितले आहे. दुसऱ्याच्या ठिकाणी स्वतःला ठेवून पाहावे, असा त्याचा आशय आहे. मर्यादा ठरविणाऱ्याने ‘माझी बाग केंद्रापासून दूर, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला असती तर हा नियम मला मान्य झाला असता काय?’ असे स्वतःस विचारले, तर नियमच वेगळा होईल. हे उत्तर योग्य आहे, पण पुरेसे नाही. आत्मौपम्य नियम करणाऱ्याच्या सद्भावनेवर अवलंबून राहते. ज्याच्यावर नियम लागू होतो त्याच्या हाती ते काहीच देत नाही. शिवाय दुसऱ्याची बाग कशी आहे, हे त्या बागेच्या धन्याने सांगितल्याखेरीज कल्पनेने कळत नाही.

७. ‘उत्तरा’ची पायरी

ही उणीव भरून काढण्यास रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेल्या दुसऱ्या विद्वानाचे कार्य साहाय्यभूत होते. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे (१८८०–१९७२) यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ (पाच खंड, १९३०–१९६२) या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात प्राचीन न्यायव्यवहाराची सविस्तर चर्चा आहे. त्या परंपरेत न्यायनिवाड्याचे चार पाद मानले आहेत : भाषा म्हणजे वादीचे म्हणणे, उत्तर म्हणजे प्रतिवादीचे म्हणणे, क्रिया म्हणजे पुरावा आणि अखेर साध्यसिद्धी म्हणजे निर्णय. केवळ शास्त्रवचनावर विसंबून, युक्तीचा विचार न करता दिलेल्या निर्णयाने धर्माचीच हानी होते, असे बृहस्पतीचे मत प्रसिद्ध आहे.

या चौकटीतून पाहिल्यास वरील दोन्ही उदाहरणांतील वैगुण्य नेमके सांगता येते. संगणकीय निर्णयात क्रिया आहे, कारण हवामान केंद्राची नोंद किंवा बोटाचा ठसा हा पुरावाच होय. आणि साध्यसिद्धी आहे. परंतु ज्याच्यासंबंधी निर्णय व्हावयाचा त्याची भाषा अर्जातील रकान्यांपुरती उरते आणि पुराव्यावर हरकत घेण्याची ‘उत्तरा’ची पायरी गळते. यंत्राची नोंद हेच शास्त्रवचन आणि तेच अंतिम, अशी स्थिती होते. म्हणून प्रश्न यंत्र वापरावे की न वापरावे असा नसून, यंत्राच्या निर्णयाला उत्तर देण्याची जागा ठेवली आहे की नाही, असा आहे.

स्मृतिग्रंथांतील न्याय वर्णभेदाने विषम होता आणि तो भाग आज सर्वथा त्याज्य आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. येथे त्यातील आशय अभिप्रेत नसून निर्णयप्रक्रियेच्या पायऱ्या अभिप्रेत आहेत. आधुनिक प्रशासकीय कायद्यातील नैसर्गिक न्यायाचे तत्त्वही हेच सांगते.

प्रचलित कायद्याचा विचार करता ही पायरी अद्याप दुर्बळ आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात संमती, विदेची दुरुस्ती व तक्रारनिवारण यांची तरतूद आहे. परंतु केवळ स्वयंचलित प्रक्रियेने झालेल्या निर्णयाविरुद्ध मानवी पुनर्विचार मागण्याचा जो हक्क युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या विदा संरक्षण नियमावलीत आढळतो, तसा हक्क या अधिनियमात नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) सुखाच्या बेरजेवर नीती ठरविण्याविरुद्ध ‘गीतारहस्या’त घेतलेला आक्षेप संगणकीय निर्णयांना पूर्णतः लागू पडतो. यशाची टक्केवारी हे योजनेच्या कार्यक्षमतेचे प्रमाण आहे. वगळल्या गेलेल्या व्यक्तीवर झालेल्या अन्यायाचे ते समर्थन होऊ शकत नाही.

(२) कर्त्याच्या बुद्धीची कसोटी फसवणुकीच्या प्रकारांत समर्थ आहे; परंतु शुद्ध हेतूच्या अनेक कर्त्यांकडून मिळून होणाऱ्या अन्यायासमोर ती निरुत्तर होते. निरहंकाराची परिभाषा अशा वेळी उत्तरदायित्व झाकण्यास वापरली जाण्याचा संभव आहे.

(३) म्हणून बुद्धीच्या शुद्धीला प्रक्रियेच्या शुद्धीची जोड हवी. प्रत्येक संगणकीय निर्णयाबरोबर त्याचे कारण समजेल अशा मराठीत देणे, ज्या नोंदीवर तो आधारला ती नोंद संबंधितास पाहू देणे, तिच्यावर हरकत घेण्यास मुदत देणे आणि त्या हरकतीवर निर्णय देणारा अधिकारी नावानिशी नेमणे, या चार गोष्टी त्यासाठी किमान आवश्यक आहेत. फळपीक विम्याच्या बाबतीत मंडळातील भूरचनेनुसार अधिक केंद्रे आणि वादाच्या प्रसंगी नमुना पाहणी, असा त्याचा अर्थ होईल.

(४) महाविद्यालयीन अध्यापनात संगणक-नीती हा घटक तत्त्वज्ञान, विधी, कृषी व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन शिकविणे इष्ट आहे. आज्ञावली लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ‘जर’ आणि ‘तर’ यांच्या मधली मर्यादा लिहिताना कोणत्या सड्यावरची कोणाची बाग तिच्या बाहेर राहते, हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर या विषयाचे प्रयोजन साधले असे म्हणता येईल.